चौकटीवरच्या रेघा आधी मोजा, इंजेक्शनचं मग बघू

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव सांगत नाही. चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर, घरी नवरा, सासू, मोठी मुलगी आणि नववीतला मुलगा. मुलाला मागच्या महिन्यात चौदा पूर्ण झाली, उंची १४५ सेंटीमीटर, वर्गात सगळ्यात लहान दिसतो. पोरं 'बारक्या' म्हणतात, आता तो कबड्डीलाही जात नाही. वडिलांना त्याला पोलीस भरतीत बघायचंय आणि तिथे १६५ लागते. तालुक्याला भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन येतं, वर्षभर घेतलं की पोरगा सटासट वाढतो, मी आणून देतो, फक्त पैसे लागतील. वडील म्हणतात कापसाचे पैसे आले की देऊन टाकू. तोवर हाइट वाढवायची पावडर सुरू आहे, आणि मधे अंगावर मांस यावं म्हणून सुट्या गोळ्याही आणल्या होत्या. सासूबाईंचं म्हणणं, मायवर गेला. ताई स्वतः १५० सेंटीमीटर, मुलाचे वडील १६५. मुलगा झाला तेव्हा वजन दोन किलो तीनशे होतं, नववा महिना लागेपर्यंत ताई कापूस वेचायला जात होत्या, त्यांना वाटतं चूक तिथेच झाली. पत्राचा शेवट त्यांच्याच शब्दात देते: "इंजेक्शन द्यावं का नाही? नाही देल्लं आन् पोट्ट्याची हाइट राहून गेली तं मले जन्मभर खाईन, आन् देल्लं आन् काही झालं तं?"

ताई,

इंजेक्शनचं आधी सांगून टाकते कारण तुमचा जीव तिथेच टांगलाय. त्या माणसाच्या हातून एकही सुई घेऊ नका, कापसाचे पैसे घरातच राहू द्या. पण म्हणून पोराला दाखवायचंच नाही असं नाही, दाखवायचं आणि या महिन्यातच दाखवायचं, फक्त बरोबर जागी. तुम्ही विचारलं द्यावं का नाही. मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न घाईत सुटून गेला, की याची वाढ खरंच अडलीये का ती उशिरा येणारे. बाहेरून पाहिलं तर ही दोन्ही पोरं अगदी सारखी दिसतात, आणि दोघांचा इलाज मात्र एकदम वेगळा आहे.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही अशाच सहज लिहून गेल्या आणि मला त्याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. पहिली, सासूबाई दर पोळ्याला नातवंडांना दाराच्या चौकटीला उभं करतात आणि डोक्याला टेकवून कोळशाने रेघ मारतात. तुम्ही लिहिलंय की मागच्या पोळ्याच्या आणि यंदाच्या रेघेत तीन बोटांचं अंतर आहे, त्याच्या आधीच्या वर्षीही जवळपास तेवढंच, आणि मुलीची रेघ मात्र सातवीत असताना एका वर्षात चार-साडेचार बोटं वर गेली होती. ताई, ज्या सासूबाईंचं बोलणं तुम्हाला लागतंय त्यांनीच तुमच्या पोराचा सगळ्यात कामाचा रिपोर्ट बनवून ठेवलाय. तीन बोटं म्हणजे साधारण पाच-साडेपाच सेंटीमीटर. मूल पहिल्या वर्षात २५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास, मग वेग उतरत उतरत चार-पाच वर्षांचं होईतो वर्षाला ५-६ सेंटीमीटरवर येतो आणि वयात येईपर्यंत तसाच चालतो. मग उसळी येते. मुलींची आधी, वर्षाला ८ सेंटीमीटरपर्यंत, मुलांची त्यानंतर साधारण दोन वर्षांनी, वर्षाला ९-१०. म्हणजे बघा, वर्गातली बाकी पोरं उसळी मारून पुढे गेली आणि तुमचा अजून अलीकडे उभा आहे, पण थांबलेला दिसत नाही, चालतोय. ज्याचं ग्रोथ हार्मोन खरंच कमी असतं त्याची रेघ अशी दर वर्षी तीन बोटं वर सरकत नाही, दोन बोटांवर येते, कधी त्याच्याही आत, आणि दर वर्षी तो आपल्याच जुन्या लाइनीच्या खाली खाली जात राहतो.

दुसरी गोष्ट, याचे बाबाही दहावीच्या फोटोत सगळ्यात पुढच्या लाइनीत बसलेत आणि बारावीच्या सुमारास एकदम वाढले असं तुम्ही लिहिलंय. उशिरा वाढायची ही सवय घराण्यात चालते, बापाकडून येते, आईकडूनही येते. तुमची स्वतःची पाळी कितव्या वर्षी आली तेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील, मैत्रिणींपेक्षा बरीच उशिरा आली असेल तर तोही एक धागा आहे.

आता हे उशिरा म्हणजे नेमकं काय, ते मला पुस्तकात कळायच्या आधी आमच्या गोठ्यात दिसलं होतं. मी पुढे बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवली पण हे उदाहरण सांगायचं काही सोडलं नाही. बाबांनी एकाच वयाचे दोन गोऱ्हे पाळले होते. एकाला गावात ढोरांचं शिबिर लागलं तेव्हा वर्षाच्या आतच चिमट्याने खच्ची करून टाकलं, दुसरा तेव्हा आजारी होता म्हणून राहून गेला आणि तीन वर्षांचा झाल्यावर त्याला केलं. जोडी बंडीला जुंपली तर जू एका बाजूला कललेलं. लवकर खच्ची केलेला पायाने उंच, लांब, मान बारीक, वशिंड नावाला. उशिरा केलेला उंचीला कमी पण मान अशी भरलेली आणि वशिंड असं की पोळ्याला झूल नीट बसायची नाही. चारा एकच, कुटार एकच, आणि उंची उलटी. आजोबा म्हणायचे, लवकर बडवला की बैल टांगड्यात जातो. शिकलेल्या नसलेल्या माणसाला हे पक्कं माहीत होतं, याचं कारण मला एम.एस्सी.ला कळलं.

कारण असं की हातापायाच्या लांब हाडांच्या टोकाशी कुर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. उंची वाढते ती तिथेच, त्या पट्टीत नवा कुर्चा तयार होत जातो आणि मागून त्याचं हाड होत जातं. वयात आलं की अंडकोषातून टेस्टोस्टेरॉन सुटतं, ते आधी वाढीला ढकलतं पण सोबत ती पट्टी पिकवतही जातं, आणि पट्टी पूर्ण पिकून हाड झाली की उंची संपली, मग कोणी काही पाजा नाही तर टोचा. ज्या गोऱ्ह्याचे अंडकोष लवकर गेले त्याची पट्टी उघडीच राहिली म्हणून पाय वाढत गेले. माणसात यातली अजून एक बारीक गोष्ट १९९४ साली समोर आली. २८ वर्षांचा एक माणूस, उंची २०४ सेंटीमीटर आणि अजून वाढतच होता, हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पिकलीत ते, मात्र पंधराचं. त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, पण इस्ट्रोजेन, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो, त्याचं ऐकायची सोयच त्याच्या शरीरात जन्मापासून बिघडलेली होती. म्हणजे पोरांच्याही हाडाचं दार इस्ट्रोजेनच बंद करतं, टेस्टोस्टेरॉनचा थोडा हिस्सा अंगात इस्ट्रोजेन होतो आणि तो हे काम करतो.

हे तुम्हाला का सांगतेय, तर त्या ओळखीच्या माणसाने उद्या 'ग्रोथ हार्मोन' म्हणून जिमवाल्यांचं टेस्टोस्टेरॉनसारखं इंजेक्शन दिलं तर काय होईल ते कळावं म्हणून. पोरगा तीन-चार महिने खरंच भराभर वाढेल, दाट मिशा येतील, दंड भरतील, तुम्ही त्या माणसाचे पाय धराल, आणि दोन वर्षांनी ती पट्टी पिकून बंद झालेली असेल. जी उंची त्याला अठरापर्यंत हळूहळू मिळणार होती ती राहून जाईल. बाटलीवरचं लेबल तुम्हाला वाचता येणार नाही, त्या माणसालाही येईलच असं नाही.

बरं, खरं ग्रोथ हार्मोन असलं तरी काय. घरोघरी एक समजूत आहे की हे म्हणजे खत आहे, जास्त घातलं की जास्त वाढ. तुमच्या वावरातच बघा ना, पऱ्हाटीला युरिया जास्त पडला की काय होतं? झाड माजतं, पानंच पानं, मावा-तुडतुडे येतात आणि बोंडं कमी. शरीराचंही काहीसं तसंच आहे. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे, तिथून ग्रोथ हार्मोन सुटतं, सरळ धार नाही, उसळ्या उसळ्यांनी, आणि जास्त करून रात्री गाढ झोप लागल्यावर. ते यकृताला जाऊन सांगतं, यकृत आयजीएफ-वन नावाचा दुसरा निरोप्या पाठवतं, आणि तो हाडाच्या पट्टीला, स्नायूंना, आतल्या अवयवांना सांगतो की वाढा. पण प्रत्येक अवयव हे सारखं ऐकत नाही. १९८२ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी 'रॅट' म्हणतात त्या मोठ्या जातीच्या उंदराच्या ग्रोथ हार्मोनचा जीन लहान उंदराच्या गर्भात घातला, त्यातली काही पिल्लं भावंडांच्या जवळपास दुप्पट झाली, जगभर फोटो छापून आले. पुढे अशा उंदरांवर काम झालं तेव्हा दिसलं की त्यांचं यकृत अंगाच्या मानाने जास्तच फुगतं, मूत्रपिंडं खराब होतात आणि ते लवकर मरतात. माणसात, मोठ्या वयात, हाडाच्या पट्ट्या बंद झाल्यावर पिट्युटरीत गाठ होऊन हे हार्मोन जास्त सुटायला लागलं तर उंची एक सूतही वाढत नाही, पण पंजे रुंद होतात, अंगठी बसेनाशी होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो, जीभ जाड होते, आणि आतल्या आत हृदय मोठं होतं. शुगर आणि बीपीही बऱ्याचदा मागे लागतं. अवयवांना स्वतःचंही एक माप असतं, हे मला कायम नवलाचं वाटत आलंय. उंदराच्या यकृताचा तीनपैकी दोन हिस्से भाग काढला तरी आठ-दहा दिवसांत ते पुन्हा जवळपास मूळ वजनावर येतं आणि तिथे आपोआप थांबतं. १९६० च्या दशकात एका उंदराच्या अंगात अनेक पिल्लांच्या पानथऱ्या (प्लीहा) बसवून पाहिल्या, तर त्या सगळ्या मिळून एका पानथरीएवढ्याच वाढल्या, जणू आपसात वाटून घेतलं. पण छातीतली थायमस नावाची ग्रंथी तशीच अनेक बसवली तर प्रत्येक आपापली पूर्ण वाढली, दुसरीचं ऐकलंच नाही. इतका बारीक हिशोब अंगात चालू असताना बाहेरून अंदाजाने एकच निरोप मोठ्याने ओरडत राहायचा, हे चौदा वर्षांच्या पोरावर करून बघायची गोष्ट नाही.

पावडरचं आता लवकर आटपते. ग्रोथ हार्मोन हे प्रोटीन आहे, तोंडाने घेतलं तर डाळीतल्या प्रोटीनसारखं पोटात पचून जातं, म्हणून त्याची सुईच असते. जी पावडर 'हार्मोन वाढवते' म्हणते ती बंद करा, तेवढ्या पैशात महिनाभर रोज दोन अंडी होतात. यजमान म्हणतात ना की शहरातली पोरं इंजेक्शनचं दूध आणि ब्रॉयलर खाऊन उंच होतात, तेही तसं नाही. म्हशीला पान्हा सोडायला चोरून देतात ते ऑक्सिटोसिन, ते वेगळं हार्मोन आहे, वाढीचं नाही, आणि तसं देणं बेकायदेशीर आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार होतो तो पिढ्यान्पिढ्या निवडून केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. आणि गाईचं ग्रोथ हार्मोन माणसाच्या अंगाला लागूच पडत नाही, म्हणून तर १९५८ पासून पुढे कितीतरी वर्षं ते मेलेल्या माणसांच्या पिट्युटरीतून काढून मुलांना द्यावं लागायचं. त्यातून काही मुलांना मेंदूचा एक जीवघेणा आजार लागला, १९८५ ला ते थांबवलं, आणि त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवून घेतलेलं शुद्ध हार्मोन बाजारात आलं. आज मिळतं ते हे.

पण पावडरपेक्षा मला त्या सुट्या गोळ्यांची जास्त काळजी वाटली. भूक लागायच्या, गाल भरायच्या म्हणून बिनापाकिटाच्या ज्या गोळ्या मिळतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, डेक्सासारखं. त्याने तोंड गोल होतं, वजन वाढतं आणि लोक म्हणतात लागल्या गोळ्या, पण उंची तिथेच अडते, कारण ते हाडाच्या पट्टीचं काम थांबवतं. ताई, नीट आठवा किती दिवस दिल्या होत्या. कधीच्याच बंद असतील तर ठीक, डॉक्टरांना फक्त सांगा. अजून चालू असतील आणि बरेच दिवस झाले असतील तर आजच्या आज एकदम बंद करू नका, उरलेल्या गोळ्या पुडीसकट घेऊन दोन दिवसांत डॉक्टर गाठा, ते कशा उतरवायच्या ते सांगतील. स्टेरॉइड अचानक थांबवलं तर अंगाला धक्का बसतो. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी असंच झालं होतं आणि तिला सलाइनवर ठेवावं लागलं, म्हणून लिहिते.

आता 'मायवर गेला' आणि कापूस वेचणं. ताई, पोटातलं बाळ किती मोठं होतं ते त्याच्या ग्रोथ हार्मोनवर फारसं अवलंबून नसतं, ज्या बाळाला ते हार्मोन जन्मतः नसतं तेही जवळपास नॉर्मल आकाराचं जन्मतं. तिथे काम करतं इन्सुलिन, आयजीएफ, वार म्हणजे प्लॅसेंटा, आणि आईला मिळालेलं अन्न आणि आराम. इंग्लंडमध्ये १९३८ साली शायर नावाच्या थोराड घोड्यांचा आणि शेटलँड नावाच्या बुटक्या तट्टांचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला होता. बापाचं आणि आईचं रक्त दोन्हीकडे सारखंच मिसळलेलं, पण थोराड घोडीच्या पोटचं शिंगरू मोठं जन्मलं आणि तट्टाच्या पोटचं लहान. म्हणजे पोटात जागा आणि शिदोरी जेवढी, तेवढं बाळ. त्यामुळे दोन किलो तीनशेचा वाटा थोडाफार तुमच्या त्या कष्टाच्या दिवसांचा असेलही, पण त्याला चूक म्हणू नका, नवव्या महिन्यात हौसेने कोणी वेचायला जात नाही. आणि कमी वजनाची बहुतेक बाळं पहिल्या दोन वर्षांतच आपली कसर भरून काढून स्वतःच्या लाइनीवर येतात. चौदाव्या वर्षी त्याचा हिशोब एकट्या तुमच्या नावावर मांडायचं कारण नाही. 'मायवर गेला' म्हणाल तर आकड्यातच बघू. बापाची उंची १६५, तुमची १५०, त्यात मुलगा म्हणून १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं, १६४ येतं. घराण्याच्या हिशोबाने तो त्याच्या आसपास कुठेतरी थांबेल, सात-आठ सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे. दोघांचं मिळून येतं हे, एकट्या मायचं नाही.

मग करायचं काय. आधी चौकटीवरच्या सगळ्या रेघा टेपने जमिनीपासून मोजून वहीत लिहा, शेजारी त्या त्या वर्षी पोळा कोणत्या महिन्यात होता तेही, पोळा दर वर्षी मागे-पुढे होतो आणि अंतर बारा महिन्यांचं धरायचंय. आजची उंची नीट घ्या, सकाळी, अनवाणी, टाच-कुल्ले-पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, डोक्यावर पाटी आडवी दाबून. संध्याकाळी मोजाल तर माणूस दिवसभर उभा राहून एखादा सेंटीमीटर कमीच भरतो. जन्माचं कार्ड असेल, शाळेत वजन-उंची लिहिलेली असेल तर तेही घ्या, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते त्यांच्याकडेही नोंद असते आणि तेच तुम्हाला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवू शकतात, हे सगळं अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांना फुकट आहे. तुमच्यासारख्या अजून कोणी हे वाचत असतील आणि घरात रेघांची पद्धत नसेल तर आजच एक रेघ मारा आणि सहा महिन्यांनी दुसरी, एका मापावरून कोणालाच काही कळत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर सुरुवातीच्या तपासण्या साध्या असतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, किडनी-लिव्हर, आणि आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, तो तर नक्कीच. विदर्भात सिकलसेल किती घरात आहे ते तुम्हाला सांगायला नको, ज्या पोराला तो आजार असतो त्याची वाढही मागे पडते आणि वयातही उशिरा येतो, आणि कधी कधी हातपाय दुखतात म्हणून घरचे खेळायचं दुखणं समजून सोडून देतात. थायरॉइड कमी असेल तर वाढ अडते, पोरगं सुस्त राहतं, पोट साफ होत नाही, थंडी जास्त वाजते, आणि इलाज काय तर सकाळची एक स्वस्त गोळी. विचार करा, कारण थायरॉइड असताना लाखांचं इंजेक्शन दिलं असतं तर? सोबत डाव्या पंजाचा एक एक्स-रे काढतात, त्यात हाडांचं वय दिसतं, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका फिल्ममध्ये आहे. पोरगा चौदाचा आणि हाडं बारा-साडेबाराची निघाली तर समजायचं की त्याच्याकडे अजून बराच वेळ शिल्लक आहे. डॉक्टर त्याला पडद्याआड नेऊन वयात यायला सुरुवात झाली का तेही बघतील. मुलांमध्ये पहिली खूण अंडकोष वाढण्याची असते, मिशा फार नंतर. चौदा पूर्ण होऊनही ती खूण नसेल तर नुसतं थांबून न राहता दाखवायचं असतं, म्हणून मी वर या महिन्यातच म्हटलं. त्या वेळी तुम्ही नका जाऊ आत, बाबांना जाऊ द्या, पोराला लाज वाटते. नुसता उशीरच निघाला तरी काही मुलांना डॉक्टर टेस्टोस्टेरॉनचा अगदी कमी डोस मोजून काही महिने देतात, ते घेतलं तर घाबरू नका, मी वर ज्याची भीती सांगितली ते बिनमापाचं, त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ग्रोथ हार्मोनची तपासणी यानंतर, आणि तीही गरज वाटली तरच. रस्त्यातल्या लॅबमध्ये दुपारी रक्त देऊन 'ग्रोथ हार्मोन कमी आलं' असा रिपोर्ट कोणी हातात दिला तर त्याच्यावर जाऊ नका, ते उसळ्यांनी सुटतं, मधल्या वेळात सगळ्यांचंच कमी येतं. आधी आयजीएफ-वन बघतात, मग औषध देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेऊन बघतात की ग्रंथी जागी होते का. काही थोड्या मुलांत तर हार्मोन भरपूर असतं पण शरीराला ते ऐकूच येत नाही, १९६६ मध्ये इस्रायलमध्ये लॅरॉन नावाच्या डॉक्टरांनी अशी मुलं पहिल्यांदा नोंदवली, त्यांना ही सुई कितीही दिली तरी फरक पडत नाही. हे सगळं तालुक्याला होत नाही. सेवाग्रामला किंवा नागपूरला मेडिकलमध्ये किंवा एम्समध्ये बालरोग विभागात जा आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवा म्हणून सांगा.

आणि खरंच ग्रोथ हार्मोनची कमतरता निघालीच, तर ताई, अजिबात मागे हटू नका. अशा मुलाला ते वरदान आहे, रोज रात्री झोपायच्या आधी कातडीखाली बारीक सुई, काही वर्षं, दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी, आणि अशी मुलं खूप छान वाढतात. जेवढं लवकर तेवढं चांगलं, पट्ट्या बंद झाल्यावर उपयोग नाही. पण ज्याचं हार्मोन ठीक आहे आणि फक्त घराणंच ठेंगणं आहे अशा पोराला कित्येक वर्षं रोज टोचून सरासरी चार-सहा सेंटीमीटर मिळतात, त्यात डोकं दुखणं, शुगर चढणं, खुब्याचं हाड सरकणं हे धोके, आणि खर्च असा की शेत गहाण पडेल. वर्षभरात सटासट हे कोणाच्याच बाबतीत खरं नाही.

तोवर घरी जे करता येतं ते करा. यजमान पोराला पहाटे साडेचारला उठवून रोडवर पळवतात आणि तो रात्री अकरापर्यंत मोबाइल घेऊन असतो, असं लिहिलंय तुम्ही. पळणं चांगलं आहे हो, पण साडेपाच तास झोप या वयाला कमीच आहे, आठ-नऊ तास हवी. साडेनऊला मोबाइल काढून घ्या आणि पळायचं संध्याकाळवर न्या, भरतीला अजून चार वर्षं आहेत. ताटात भाकर आहे, वरण आहे, त्यात अंडं, दूध किंवा ताक, मूठभर फुटाणे-शेंगदाणे वाढवा. लोखंडी बारला लटकून उंची वाढत नाही, लटकायला आवडत असेल तर लटकू द्या.

भरतीचं म्हणाल तर १६५ ची अट तो अठराचा झाल्यावर लागणार आहे, आज नाही, आणि उशिरा वाढणारी मुलं अठरा-एकोणीसपर्यंतही वाढतात. १६४ आला तर? येऊ शकतो, खोटं सांगणार नाही. वनरक्षकाला १६३ चालते, आयटीआय करून लाइनमन व्हायचं असेल तर उंची कोणी विचारत नाही. पण ताई, तुमच्या चार पानी पत्रात यजमान बोलतात, सासूबाई बोलतात, तो तालुक्याचा माणूस बोलतो, पोराचं एकही वाक्य नाही. त्याला पोलीस व्हायचंय का, हे मला पूर्ण पत्रात सापडलं नाही. कबड्डी त्याने उंचीमुळे सोडली का पोरं चिडवतात म्हणून, तेही नाही. वावरात तूर सोंगताना नाही तर बंडीवर सोबत बसलेले असताना, समोरासमोर बसवून नाही, असं कामात असताना विचारा. आणि त्याला बाबांचा तो दहावीचा फोटो दाखवा, बाबांनीच दाखवला तर जास्त बरं, पहिल्या लाइनीत बसलेला मी आहे म्हणून. वर्गशिक्षकांनाही जाऊन भेटा, 'बारक्या' हे नाव शाळेत बंद करणं त्यांच्या हातात आहे, आणि मी इतकी वर्षं त्या खुर्चीत बसले म्हणून सांगते, सांगितलं तर करतात.

एक्स-रे झाला की हाडांचं वय किती लिहिलंय ते आणि चौकटीवरच्या रेघांचे सेंटीमीटर, दोन्ही मला लिहून पाठवा. आणि चौकटीला यंदा दिवाळीत रंग देणार असाल तर त्याआधी रेघांचा फोटो काढून ठेवा.